कसर

रविवारच्या पुरवणीतलं ‘फरक ओळखा’ सोडवून झालं तरी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीची खुमखुमी काही गेली नव्हती. तिची नजर माझ्या टेबलावर पडली. डावीकडे कळलावीच्या एका जुन्या चित्राची छापील प्रत चिकटपट्टीनं लावलेली आणि उजवीकडे तिची मी हातानं रंगवलेली नक्कल, आदल्याच रात्री पुरी झालेली. खुर्ची ओढून, पेन्सिल दातांत धरून ती बसली आणि मोजायला लागली. “एक. तुझा लाल जास्त लाल आहे.” बरोबर होतं. “दोन. ही दोरी त्याच्यात दोनदा वळलीये, तुझ्यात दीडदा.” दोरी म्हणजे पानाच्या टोकाचा ताणा. तेही बरोबर. तीन, चार, पाच अशी ती पुढे गेली आणि मी प्रत्येकाला काहीबाही कारण देत राहिले. कागद वेगळा आहे, जुना रंग उडालाय, हे मुद्दामच केलंय गं. मग ती म्हणाली, “सहा. आत्या, त्याच्या पानाला भोक आहे. तुझ्या पानाला नाहीये.”

खरंच होतं. खालून तिसरं पान, मधल्या शिरेच्या डाव्या अंगाला, मोहरीच्या दाण्याएवढं भोक. मी तीन आठवडे त्या चित्रासमोर बसले होते. भिंग लावून शिरा मोजल्या होत्या. त्याच पानावर दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, कारण त्याचा हिरवा मनासारखा उतरत नव्हता. भोक मला दिसलं नव्हतं असं म्हणावं तर तेही खोटं, कारण त्या जागेवरून माझा ब्रश नक्कीच गेला होता आणि तिथं काय आहे हे बघूनच गेला असणार. मी ते गाळायचं ठरवलं असतं तर प्रश्न नव्हता. ठरवलंच नव्हतं. माझ्या हातानं मला न विचारता ते परस्पर बुजवून टाकलं होतं, रफू केल्यासारखं.

पाच फरकांची उत्तरं माझ्याकडे होती. सहाव्याचं नव्हतं.

चित्र कंपनीच्या काळातलं आहे, खाली चित्रकाराचं नाव नाही. अशा चित्रांवर नाव असण्याची मी आता अपेक्षाही करत नाही. कंपनीचे डॉक्टर, बागांचे सुपरिंटेंडंट इथल्या चित्रकारांना पगारावर ठेवत, समोर झाड ठेवून चित्र काढून घेत, आणि कागदावर नाव पडे ते झाडाचं, फार तर साहेबाचं. पुण्याजवळच्या दापुरीच्या बागेत तिथल्या सुपरिंटेंडंटनं, अलेक्झांडर गिब्सननं, १८४७ ते १८५० या काळात काढून घेतलेली चित्रं आज एडिंबरोला आहेत. ती काढणारा पोर्तुगीज वळणाचा, पण इथलाच माणूस होता एवढं कळतं. त्याला हाक काय मारत होते ते कळत नाही. माझ्या कळलावीवाल्याचं तर तेवढंही नाही. तरी इतक्या दिवसांत मला त्याच्या काही खोडी माहीत झाल्या आहेत. तो प्रकाश नेहमी डावीकडून घेतो. पानाची खालची बाजू दाखवायची वेळ आली की खुशीत येतो. आणि जिथं त्याला कंटाळा येतो तिथं, म्हणजे खोडाच्या अगदी खालच्या भागात, तो सरळ दोन रेघा मारून मोकळा होतो. मीही मारल्या. त्या मात्र बिनचूक आल्या.

कळलावी मी लहानपणापासून बघत आले आहे. पावसाळ्यात कुंपणाच्या काट्यांत कुठून तरी वर यायची आणि एक दिवस पेटल्यासारखी दिसायची. आई ती घरात आणू द्यायची नाही. घरात भांडणं लागतात म्हणे. नावच कळ लावणारी. शेजारच्या आजी सांगायच्या की ती कळ वेगळी, बाळंतपणाची. दोन्हींत तथ्य किती ते असो, कंद जहाल विषारी एवढं खरं, तेव्हा लांबून बघणंच बरं. पण लांबून बघितलेलं किती फसवं असतं ते नक्कल करताना कळलं. मला वाटत होतं, मला हे फूल पाठ आहे. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, सगळ्या उलट्या वळून वर गेलेल्या, जोराच्या वाऱ्यात छत्री उलटावी तशा. पुंकेसर चहूबाजूंना आडवे पसरलेले. इथवर सगळं पाठ होतं. पण मधोमध जी कुक्षीवृंताची काडी असते ती सरळ खाली जात नाही. बुडातूनच काटकोनात मोडते आणि एका बाजूला आडवी होते, घरातल्या गडबडीतून अंग काढून घेतलेल्या माणसासारखी. चाळीस पावसाळ्यांत मी हे एकदाही बघितलं नव्हतं. त्या अनाम माणसानं ते बघितलं होतं, म्हणून मला दिसलं. पुढच्या श्रावणात मी मुद्दाम जाऊन खरं फूल पाहिलं. काडी मोडलेली होतीच. मला फुलाचं कौतुक वाटायच्या आधी त्याचं वाटलं.

नक्कल करायची माझी रीत अगदी बाळबोध. छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर, टू एच पेन्सिलीनं बाह्यरेषा, कागदाच्या पाठीला पेन्सिलीची भुकटी चोळायची आणि तीच रेषा पुन्हा गिरवून जलरंगाच्या गुळगुळीत कागदावर उतरवायची. मग रबरानं ती इतकी फिकी करायची की आपल्यालाच दिसेल, दुसऱ्याला नाही. त्यानंतर रंगाचा पहिला पातळ हात, तो वाळला की दुसरा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या शून्य नंबरच्या ब्रशानं केसाएवढ्या रेघा. हे सगळं मी कुठल्या वर्गात जाऊन शिकले नाही. आई भरतकाम करायची. नक्षी ट्रेसिंग पेपरवर काढून ती सुईनं टोचत जायची, अंगठा दुखेपर्यंत. मग तो चाळणीसारखा कागद कापडावर ठेवून त्यावर रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. कागद उचलला की कापडावर निळ्या ठिपक्यांची वेल. घरभर रॉकेलचा वास, आणि तो वास जाईपर्यंत आई खूश. लघुचित्रं काढणारे जुने चितारी हेच करत, फक्त निळीच्या जागी कोळशाची पूड. टोचलेल्या कागदाला ते खाका म्हणत. एक खाका पिढ्यान्‌पिढ्या चाले. त्याच घोड्यावर आज हा राजा, उद्या तो. नक्कल भोकांतूनच उतरते, हे मला तेव्हापासून माहीत असायला हवं होतं.

या चित्रांच्या बाबतीत ‘मूळ’ हा शब्द मी आता जपून वापरते. विल्यम रॉक्सबर्गनं कलकत्त्याच्या बागेत चित्रकारांकडून अडीच हजारांहून जास्त झाडं काढून घेतली आणि त्यांचे दोन संच झाले. एक कलकत्त्यात राहिला, दुसरा समुद्रापार गेला आणि आज लंडनमधल्या क्यूच्या बागेत आहे. म्हणजे झाड बघून एक चित्र आणि चित्र बघून दुसरं. बागेत कुठल्याशा टेबलावर बसून माझ्यासारखंच डावीकडे बघ, उजवीकडे काढ करणारं कुणीतरी होतंच, आणि ते काम चाकरीचं होतं, छंदाचं नव्हतं. तिकडे लंडनमध्ये १७८७ साली सुरू झालेल्या कर्टिसच्या वनस्पतींवरच्या मासिकात तर छापलेल्या प्रत्येक प्रतीतलं प्रत्येक चित्र माणसं समोर नमुना ठेवून हातानं रंगवत, आणि हे १९४८ पर्यंत चाललं. छपाईयंत्रांची इतकी प्रगती होऊनही. त्यातली मूळ प्रत कुठली म्हणायची? मद्रासेकडे रॉबर्ट वाइट या कंपनीच्या डॉक्टराच्या पदरी रंगय्या आणि गोविंदू हे चित्रकार होते. त्यांची चित्रं वाइट शिळाछापासाठी दगडावर उतरवी, ते तंत्रही तो स्वतःच शिकला. १८३८ ते १८५३ या पंधरा वर्षांत त्याच्या एकाच ग्रंथमालेत २,१०१ चित्रं छापून झाली. आकडा वाचताना मला पहिल्यांदा गोविंदूचे डोळे आठवतात. म्हणजे कधी न पाहिलेले, पण संध्याकाळी चोळावे लागत असतील असे.

वाइटनं एक गोष्ट मात्र केली. एका ऑर्किडच्या प्रजातीगटाला त्यानं गोविंदूच्या नावावरून गोविंदुइया असं नाव दिलं. साहेबानं चित्रकाराचं नाव झाडाला देणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. पुढे तज्ज्ञांच्या लक्षात आलं की हा गट वेगळा नाहीच, तो आधीच नाव मिळालेल्या ट्रोपिडियात बसतो. मग नियमानं जुनं नाव राहिलं आणि गोविंदुइया समानार्थी नावांच्या यादीत जाऊन पडलं. कुणाची चूक नाही यात. तरी मला उगाचच राग येतो.

पण मी भोकाबद्दल सांगत होते. त्या रविवारनंतर काही दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की वनस्पतिचित्रात भोक नसतंच मुळी, मी केलं तेच शास्त्राला धरून आहे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. चित्र एका रोपाचं नसतं, त्या जातीचं असतं. किडीनं खाल्लेलं पान ही त्या एका रोपाची वैयक्तिक अडचण. जातीचं लक्षण नव्हे. हा तंटा जुनाच आहे. १५३० साली जर्मनीत ब्रुनफेल्सच्या वनस्पतिग्रंथासाठी हान्स वाइडिट्झनं जी झाडं काढली ती समोर आली तशी काढली. मान टाकलेली पानं, मोडलेले देठ, कुरतडलेल्या कडा, सगळं त्यात आहे. त्यानंतर बाराच वर्षांनी, १५४२ मध्ये, फुक्सचा ग्रंथ आला आणि झाडं एकदम आंघोळ करून, भांग पाडून उभी राहिली. पान न्‌ पान शाबूत. कळी, फूल, फळ एकाच वेळी एकाच फांदीवर. एका लॅमियमच्या रोपावर तर तीन वेगवेगळ्या रंगांची फुलं, कारण तिन्ही प्रकार दाखवायचे होते. असं रोप जगात कुठंच उगवत नाही, पण ओळख पटवायला तेच कामाचं. गंमत म्हणजे याच फुक्सनं ग्रंथाच्या शेवटी आपल्या तिन्ही कारागिरांची, म्हणजे झाड काढणारा, ते लाकडावर उतरवणारा आणि लाकूड कोरणारा यांची चित्रं नावांसकट छापली. वाइडिट्झची झाडं मला जास्त आवडतात, पण पगार घ्यायचा तर मी फुक्सकडे गेले असते.

म्हणजे स्वच्छ करायचं तर ते पहिल्यांदा काढणाऱ्यानं. त्याला तो हक्क आहे, समोर झाड त्याच्या आहे. मला कुठला हक्क? पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकानं झाडांच्या चित्रांवरच अविश्वास दाखवला होता. एक तर निसर्गातले इतके रंग पकडणं कठीण आणि त्यात नकला करणारे हात भर घालतात, असं त्याचं म्हणणं. नंतरच्या हजारेक वर्षांत ते खरंच झालं. जुन्या ग्रीक औषधी ग्रंथांतली जिवंत झाडं नकलेवरून नक्कल होत होत तोरणावरच्या नक्षीसारखी झाली. डावीकडे तीन पानं तर उजवीकडेही तीन, मुळ्या फणीच्या दातांसारख्या. कुणा एकानं हे केलं नाही. प्रत्येकानं आपल्या वाट्याचं एक भोक बुजवलं असणार, एक वाकडी फांदी जराशी सरळ केली असणार. आणि प्रत्येकाला वाटलं असणार की आपण जसंच्या तसं उतरवलं.

आपल्याकडे आंधळ्या नकलेची टिंगल करायला ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ म्हणतात. पोथीच्या पानावर माशी चिरडून चिकटलेली होती. नकलकारानं एक माशी मारली आणि आपल्या प्रतीत नेमकी त्याच जागी चिकटवली. शाळेत बाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळा वर्ग हसला होता, मीही हसले होते. आता मला तो माणूस ग्रेट वाटतो. त्याला माशी दिसली होती. ती अक्षर आहे की घाण आहे हे ठरवायचा अधिकार आपला नाही, असं तो मानत होता आणि वर माशी पकडण्याइतके कष्ट घेत होता. पोथ्यांच्या शेवटी लेखक लिहीत, ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥’ जसं दिसलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. लहानपणी मला ही पळवाट वाटायची. पण ‘जसं दिसलं तसं’ असं छातीठोक म्हणता येणं ही केवढी गोष्ट आहे! मला नाही म्हणता आलं. नऊ वर्षांच्या मुलीसमोर नाही म्हणता आलं.

मग मी दुसरी नक्कल करायला घेतली, आणि तिथं खरी पंचाईत झाली.

भोक काढायचं तर ते आधी नीट बघायला हवं. म्हणून मूळ चित्राची मोठी फाइल उघडली आणि तिसऱ्या पानावर जाऊन मोठं करत गेले. पान आधी पडदाभर झालं, मग त्याच्या हिरव्यातले ब्रशाचे फटकारे दिसायला लागले, मग कागदाचे धागे. भोकाची उजवी कड तपकिरी होती. किडीनं खाल्लेल्या पानाची कड सुकून अशीच होते, म्हणजे हे चित्रकारानं काढलेलं. ठीक. पण डावी कड स्वच्छ होती, रंग सुरीनं कापल्यासारखा मध्येच तुटलेला. आणि आतला पांढरा बाकीच्या कागदाच्या पांढऱ्यापेक्षा किंचित वेगळा, थोडा थंड. मी खुर्चीत मागे टेकले. हे भोक पानाला आहे की कागदाला? किडा १८०-१९० वर्षांपूर्वी कुठल्याशा बागेत कळलावीवर बसला होता की नंतर कधीतरी बासनात शिरलेल्या कसरीनं कागद खाल्ला आणि पुढे कुणी मागून नवा कागद लावून तो सांधला? तपकिरी म्हणजे सुकलेलं पान की जुन्या खळीचा डाग? पानामागून खोड गेलं असतं आणि भोकातून ते दिसलं असतं, तर निकाल लागला असता. पण खोड तिथून बोटभर लांबून जातं. भोकापलीकडे नुसता पांढरा.

आपल्या भाषेनं कागद खाणाऱ्या किड्याला आणि कामात राहिलेल्या उणिवेला एकच शब्द दिलाय, हे त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं. कसर लागली. कसर राहिली. माझ्या पहिल्या नकलेत कसर राहिली ती कसर न काढल्यामुळे, असं जर असेल तर यावर हसायचं की रडायचं?

आणि एकदा ही शंका शिरली की ती तिसऱ्या पानाशी थांबत नाही. जुन्या चित्रांतली पानं कधीकधी निळसर दिसतात, कारण हिरव्यासाठी निळ्यात मिसळलेला पिवळा, बहुधा गंबोज, उजेडानं उडून जातो आणि निळा मागे राहतो. किरमिजीही असाच दगा देणारा. भाचीचा पहिला फरक, माझा लाल जास्त लाल, तो इथून आलेला. मी फूल आठवून रंगवलं होतं, आणि पानं मात्र कागदावर दिसली तशी निळसर ठेवली होती. म्हणजे माझ्या एकाच चित्रात फुलं त्याच्या काळातली आणि पानं माझ्या काळातली. कशाची नक्कल करत होते मी? झाडाची, त्या माणसाच्या कागदाची, की कागदानं पुढे काढलेल्या दिवसांची? तिन्हींची एकदम करता येत नाही. संग्रहाला पत्र लिहून विचारता येईल, कागद उजेडासमोर धरून सांगा म्हणून. पत्राचा मसुदा तयार आहे. दोन महिने झाले, पाठवलेलं नाही. उत्तर आलं तर मग एकच भोक उरेल, आणि मला आता दोन्ही हवी झाली आहेत.

दुसऱ्या नकलेचं ते पान गेल्या आठवड्यात रंगवलं. भोक रंगवायचं म्हणजे तिथं काहीच रंगवायचं नाही. ऐकायला सोपं आहे. ओला हिरवा पानभर पसरत असताना मोहरीएवढ्या जागेला वळसा घालून जायचं आणि त्या वळशाचा ओघळ दिसू द्यायचा नाही, यात तीन कागद वाया गेले. हात सारखा आत शिरायला बघत होता. चौथ्या वेळी मी श्वास धरून बसले आणि ब्रश त्या जागेला प्रदक्षिणा घालून पुढे गेला. वाळल्यावर उजव्या कडेला तपकिरीची एक रेघ दिली, डावी कड तशीच तुटकी ठेवली. जसं दिसलं तसं.

आई आली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती सगळ्यांच्या घरातली धूळ बघत हिंडते. टेबलाशी थांबली, चश्मा वर-खाली केला, मूळ चित्राकडे बघितलंही नाही. पानावर बोट ठेवणार होती, पण कागदाला हात लावायचा नसतो हे तिला आपसूक कळलं आणि बोट वरच थांबलं.

“सुरेख झालंय,” ती म्हणाली. “इथं एक टाका राहिलाय बघ तुझा. भरून टाक.”